सुईचं टोक

बसम्माचा नवरा काशप्पा अक्कलकोटकडच्या एका खेड्यात कपडे शिवायचा. त्याच्याकडं हातानं चाक फिरवायचं जुनं मशीन होतं. जाड कापड असलं की त्याला दोन्ही हात कापडावर लागत. मग तो बसम्माला हाक मारायचा आणि ती समोर बसून चाक फिरवायची. तो "सावकाश" म्हणाला की सावकाश, "हं" म्हणाला की जोरात. शिवायला त्यानं तिला असं कधी शिकवलं नाही. पण चाक फिरवता फिरवता त्याच्या हातांकडं बघून ती बरंच शिकली. सुई बदलायचं काम तेवढं तो पाठमोरा बसून करायचा. कुठली सुई कशाला, हे तिनं कधी विचारलं नाही आणि त्यानंही कधी सांगितलं नाही.

मुदतीच्या तापानं काशप्पा गेला तेव्हा बसम्मा पंचविशीतली होती. पोटी मूल नव्हतं. दिवस सरल्यावर धाकटा दीर म्हणाला, "मशीन इकून टाकू. बाईमाणसाच्या हातात त्याचं नुसतं लोखंड हुईल."

बसम्मा मुळात कमी बोलणारी. ती उठली, मशीनच्या लाकडी झाकणावर हात ठेवून बसली आणि म्हणाली, "हे मी नेनार." तिला न्यायला सोलापूरहून भाऊ आला होता, चनबसप्पा. त्यानं दिराकडं एकदा पाहिलं, मशीन उचललं आणि गाडीत ठेवलं.

चनबसप्पा सोलापुरात एका गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर म्हणजे मुकादम होता. विजापूर वेशीजवळ त्याच्या दोन खोल्या. त्यात तो, बायको गुरव्वा, चार पोरं आणि आता बसम्मा. गुरव्वा स्वभावानं वाईट नव्हती. पण दोन खोल्यांत जागाच किती असणार? मशीन दाराजवळच्या खिडकीखाली ठेवलं तर येताजाता पोरांचे पाय अडायचे. गुरव्वा नुसता उसासा टाकायची, आणि तो उसासा बसम्माला ऐकू यायचा.

हळूहळू काम मिळू लागलं. गिरणीतल्या लोकांचे मांजरपाटाचे सदरे, पोरांच्या खाकी चड्ड्या, गोणपाटाच्या पिशव्या. काशप्पानं शेवटची लावलेली जाड सुई मशीनमध्येच होती. तशाच आणखी दोन एका चिंधीत टोचून ठेवलेल्या. त्या जाड कापडाला चांगल्या चालत. सगळ्या सुया सारख्याच असतात असं बसम्माला वाटायचं.

शेजारच्या वाड्यात अकबरी राहायची. तिच्या नवऱ्याचा, हुसेनसाबचा, टांगा होता. तेहेतीस-चौतीस साल असेल. त्यांच्या जमीलाचं लग्न ठरलं होतं. जमीलाच्या मामानं हैदराबादहून गुलाबी रेशीम पाठवलं, इतकं पातळ की हातावर घेतलं तर खालच्या रेषा दिसाव्यात. अकबरी ते घेऊन बसम्माकडं आली.

"जमीलाचं कुडतं तू शिव," ती म्हणाली. "बाजारातल्या शिंप्याला मापं द्यायला पोरगी लाजते."

"आपा, मी असलं कापड कधी शिवलं न्हाई."

"मग आता शिव की. तुझा टाका मी बघितलाय. सरळ येतोय."

बसम्मानं कापड घेतलं. कापणी नीट झाली. पण मशीनखाली धरून चाक फिरवलं तशी शिवण गोळा होऊ लागली. टाक्याच्या बाजूनं कापड ओढलं जाई आणि जिथं सुई गेली तिथं बारीक भोक उघडं दिसे. वीतभर शिवून तिनं थांबवलं. ते टाके उसवले तर भोकांची ओळ तशीच राहिली.

सुई जाड होतेय एवढं तिला कळलं. मंगळवारच्या बाजारात एक जण जमिनीवर फडकं पसरून बटणं, हुक, सुया असलं सुटं सामान विकायचा. त्याच्याकडून तिनं मशीनची बारीक सुई आणली. आणून बसवली. दोनचार टाके पडले, मग एक सुटला, पुन्हा दोन पडले. तिला वाटलं आपलाच हात चुकतोय. तिनं चाक जरा जोरात फिरवलं.

खट् असा आवाज झाला आणि चाक अडकलं.

सुई मोडली होती. वरचा तुकडा दांडीतच राहिलेला. खालचं टोक कुठंच नव्हतं.

पहिल्यांदा तिच्या मनात मशीनच आलं. लोखंड झालं, दीर म्हणाला तसं लोखंड झालं. चाक मागं फिरवलं तर ते फिरलं, पण आतून कुरकुरलं. मग तिची नजर कापडावर गेली आणि अंगावर काटा आला. टोक या कुडत्यात असलं तर? हे कुडतं घालून जमीला लग्नाला बसणार.

तिनं कापड उन्हात धरलं. पापणी न हलवता पाहिलं. तळहातानं चाचपलं. मग गालावरून फिरवलं, कारण हाताला घट्टे होते आणि गालाला तरी लागेल असं वाटलं. काहीच लागलं नाही. जमीन झाडून धूळ पाटीत घेतली, ती बोटांनी चिवडली. त्यातही काही नाही.

तेवढ्यात अकबरी जमीलाला घेऊन दारात आली. "झालं का गं? बाह्या न्हाई लावल्या तरी चालतंय. अंगाला कसं बसतंय ते बघू."

जमीलानं हात पुढं केला. बसम्मानं कापड छातीशी धरलं.

"नको. हात लावू नकोस."

अकबरी हसली, मग तिचं हसू थांबलं. "काय झालं?"

बसम्माला खोटं सुचलं असतं. उद्या या म्हटलं असतं तरी त्या गेल्या असत्या. पण ती म्हणाली, "आपा, सुई मोडली. टोक सापडंना. यात हाय का न्हाई, मला सांगता येईना."

अकबरीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "या अल्ला! लगनाच्या कपड्यात?" क्षणभर वाटलं ती आता ओरडणार. जमीला आईच्या पाठीमागं सरकली. पण अकबरी उंबऱ्याच्या आत आली, खाली बसली आणि म्हणाली, "आण हिकडं. एक कड तू धर, एक मी."

दोघींनी कापड इंच इंच करून बोटांत दाबलं. जमीलानं काच घासून पुसून कंदील आणला, तो दिवसाउजेडी पेटवून कापडाखाली धरला. गुरव्वा भाकरी टाकायचं सोडून चुलीपासून उठून आली आणि खाली वाकून जमिनीच्या फटींत बघू लागली. सापडलं नाही. शेवटी अकबरी हळू आवाजात म्हणाली, "आता पडलेले टाके पण उसवायला लागतील काय? पुन्हा भोकं पडतील. असलं कापड इथं मिळायचं न्हाई."

बसम्माच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण ते कापडावर पडू नये म्हणून ती मान बाजूला करून बसली होती.

गिरणीचा भोंगा झाला. थोड्या वेळानं चनबसप्पा आला. दारात चपला काढताकाढता त्यानं सगळ्यांचे चेहरे पाहिले. झालं ते गुरव्वानं सांगितलं.

"कापडात कशाला बघताय?" तो म्हणाला. "साच्यावर काय तुटलं तर आमी आदी साच्यात बघतो. मशीन उघडलं का?"

"दोरा बदलायला पत्री सरकवते तेवढंच, अण्णा. आत बगायचं सुचलंच न्हाई."

चनबसप्पानं मशीन उजेडाकडं वळवलं. सुई खाली जाते तिथल्या शेजारची चकचकीत पत्री त्यानं अंगठ्यानं दाबून सरकवली. आत दोऱ्याचा बारीक धोटा होता, त्याच्या गिरणीतल्या धोट्याचं जणू पिल्लू. सभोवती तेलात भिजलेला कापसाचा गाळ. त्यानं काडीनं तो गाळ बाहेर काढला आणि तळहातावर पसरला. त्यात काहीतरी चमकलं.

"हे घ्या," तो म्हणाला.

अकबरीनं दोन्ही हात तोंडावरून फिरवले. जमीला खुदकन हसली आणि मग तिलाच रडू आलं. गुरव्वानं "बसवण्णा, बसवण्णा" म्हणत भिंतीला पाठ टेकली. बसम्मा मात्र अजून उठली नव्हती. तिनं दांडीतला वरचा तुकडा स्क्रू सैल करून काढला, टोकाला जोडून पाहिला. कणभरही तुकडा कमी नव्हता. सुई पुरी होती. तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला, इतका मोठा की पोरंसुद्धा बघू लागली.

"धोटा बघ, अण्णा. फुटला काय?"

चनबसप्पानं धोटा काढून बोट फिरवलं. "एक ओरखडा हाय. बाकी काय झालं न्हाई. मशीन ठणठणीत हाय तुजं."

बसम्मानं मग चिंधीतली जुनी जाड सुई काढली आणि जोडलेल्या तुकड्यांशेजारी पाटावर ठेवली. डोळ्यांना लगेच दिसत नव्हतं. तिनं दोन्हींची वरची टोकं भिंतीला टेकवली. बाजारातली सुई खाली तिळाएवढी पुढं आली होती.

"लांब हाय," ती म्हणाली. "बारीक हाय, पण लांब हाय. म्हणून धोट्यावर आदळली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जुनी सुई आणि गुलाबी रेशमाची एक चिंधी घेऊन अकबरीबरोबर हुसेनसाबच्या टांग्यातनं चाटी गल्लीत गेली. तिथं एका बोहऱ्याचं मशीनच्या सामानाचं दुकान होतं. दुकानदारानं विचारलं, "कोणती सुई पाहिजे, बाई?"

"लांबी हिच्याएवढी," तिनं जुनी सुई पुढं ठेवली, "आन् जाडी या कापडाला चालंल अशी."

दुकानदारानं सुई उचलून पाहिली, वरच्या दांडीची सपाट बाजू बोटानं चाचपली आणि रेशमाची चिंधी फुंकर मारून उडवली. त्यानं मागच्या खणातून कागदाची पुडी काढली. "हा नऊ नंबर. जितका नंबर लहान, तितकी सुई बारीक. तुमच्या मांजरपाटाला चौदा, खाकीला सोळा. पण जात हीच पाहिजे, नंबर कुठलाही असो. दुसऱ्या जातीची सुई तुमच्या मशीनला लागणार नाही. आणि लांब खाच दोरा आत जातो त्या अंगाला ठेवा."

बसम्मानं त्याच्यासमोरच सुई उलटसुलट करून खाच शोधली. मग म्हणाली, "चौदाची पण द्या."

घरी येऊन तिनं नऊ नंबर बसवली. कुडत्याला हात लावायच्या आधी चिंधीवर शिवून पाहिलं. चाक फिरवताना तिनं पायाची बोटं आवळून धरली होती. चिंधी ओढून बघितली तर शिवण सपाट, भोक नाही, टाका सुटलेला नाही. तिनं ती चिंधी अकबरीकडं दिली. अकबरीनं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि म्हणाली, "आता कर बाई. मी हितंच बसते." कुडत्याच्या दोन्ही शिवणी होईपर्यंत ती उठली नाही. आधी पडलेल्या भोकांची ओळ बसम्मानं किनारीला लावायच्या जरीच्या गोट्याखाली घेतली. जमीलाला सुद्धा नंतर ती दाखवता आली नसती.

लग्न झालं. सांजच्याला निरोपाच्या वेळी गुलाबी कुडतं घातलेली जमीला टांग्यात चढताना बसम्माच्या गळ्यात पडली. बसम्माचा हात आपोआप तिच्या पाठीवरच्या शिवणीवरून गेला. मऊ होती. त्या दिवशी अकबरीनं बसम्माच्या घरी नारळ, केळी आणि साखर कोरडीच पाठवली होती, कारण बसम्मा बाहेरचं शिजवलेलं खात नसे.

कुडतं पेठेतल्या बऱ्याच बायकांनी पाहिलं. मग पोलकी आली, मलमलची झबली आली, शाळेत जाणाऱ्या मुलींचे फ्रॉक आले. प्रत्येक जातीच्या कापडाची चिंधी आधी सुईखाली घालायची, हा बसम्माचा नेम झाला. घाई करणाऱ्या बायकांना ती म्हणायची, "बसा की जरा. सुई बगू द्या." दीर एकदा कामानिमित्त सोलापुरात आला तेव्हा खिडकीखाली मशीन चालू होतं आणि दोन बायका नंबर लावून बसल्या होत्या. त्यानं चहा घेतला, मशीनकडं पाहिलं आणि विषय काढला नाही.

पुढं गल्लीच्या टोकाला एक खोली रिकामी झाली. लहान होती, पण पूर्वेला मोठी खिडकी होती. बसम्मानं ती भाड्यानं घेतली. चनबसप्पाला वाईट वाटलं, "आमचं काय चुकलं काय?" असं तो दोनदा म्हणाला. गुरव्वानंच त्याला गप्प केलं आणि मशीन डोक्यावर घेऊन पुढं निघाली. खोलीत मशीन ठेवल्यावर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "उजेड लई चांगला हाय गं हितं."

त्या दुपारी कोणी गिऱ्हाईक आलं नाही. बसम्मानं दार लोटून घेतलं, चटई टाकली आणि काशप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच दिवसाउजेडी निवांत झोपली. भोंगा वाजला तरी तिला जाग आली नाही.