सुरमईचा धुरकट डोळा

भुताखेताच्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी उठून चालायला लागते. रत्नागिरीच्या बाजारात वीस वर्षं मासे विकतेय, मला कोण फसवणार? पण हे माझ्याच बाबतीत घडलं... म्हणून लिहितेय. हसायचं तर हसा.

सुभाष माझा धाकटा भाऊ. पूर्णगडला बोटीवर तांडेल — म्हणजे अख्खी बोट त्याच्या नजरेवर चालायची. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला. मुंबईला बोन मॅरो बदलला. मॅरो माझा. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "सीएमव्ही नावाचा विषाणू असतो. बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून गप्प पडून असतो. यांची प्रतिकारशक्ती कमी आहे तोवर तो उठू शकतो. डोळ्यांवरही जातो." दर पंधरा दिवसांनी रक्त तपासत होतो. रिपोर्ट स्वच्छ येत होते.

त्या दिवशी सकाळी सातला जेटीवर लिलाव चालू होता. मासा ताजा की शिळा, हे आम्ही त्याच्या डोळ्यावरून ओळखतो. ताज्याचा डोळा काचेसारखा. मी सुरमई उचलली, तर डोळा धुरकट. दुसरी, तिसरी... सगळ्याच तशा! "शिळा माल आणून आम्हाला येडं बनवता काय रे?" मी ओरडले. बाया फिदीफिदी हसायला लागल्या. माझ्या शेजारी बसणारी शेवंती म्हणाली, "अगो, कल्ले बघ, लालभडक आहेत. तुझ्याच डोळ्यात काय गेलंय काय?"

एकेक डोळा मिटून पाहिला. धूर माझ्या डाव्या डोळ्यात होता.

खवला उडाला असेल म्हणून डोळा धुतला. दोन दिवस गेले तरी धूर तसाच. शेवटी सुभाषच मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी तपासून सांगितलं, "डोळा एकदम ठीक आहे." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मग ह्याचा बघा." का म्हटलं? देवाशपथ, मला माहीत नाही.

सुभाष वैतागला. "काय गो ताई हे! मला सगळं नीट दिसतंय." पण मी हट्टाला पेटले. त्याच्या डोळ्यांत थेंब घातले, डॉक्टरांनी आत पाहिलं आणि पुन्हा दिवा धरून पाहिलं. डाव्या डोळ्यात, पडद्याच्या कडेला, पांढरे डाग. "आजच मुंबई गाठा," म्हणाले.

सीएमव्हीच होता. रक्तात सापडायच्या आधी डोळ्यात पोचलेला. लगेच इंजेक्शनं सुरू झाली. आणखी थोडे दिवस गेले असते तर डोळा गेला असता, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मी वॉर्डाबाहेर बसून ढसाढसा रडले. त्याचे डाग सुकत गेले, तसतसा माझा धूरही विरला.

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "योगायोग." असेल बुवा. पण डोकं नुसतं भणाणतं... माझं रक्त त्याच्यात गेलं, त्याचं माझ्यात काहीच आलेलं नाही. मग मला कसं दिसलं? आणि तो विषाणू माझ्याकडूनच तर गेला नसेल? त्यावर "सांगता येत नाही" एवढंच उत्तर मिळतं.

दीड वर्षानं सुभाष पुन्हा बोटीवर जायला लागला. रिपोर्ट सगळे स्वच्छ. तरी समुद्रात निघायच्या आधी मला फोन करतोच. स्वतःच्या तब्येतीबद्दल अवाक्षर नाही. विचारतो, "ताई, तुला आज नीट दिसतंय ना गो?"

मी हो म्हणते. तेव्हाच तो बोट सोडतो.