एर्मिनियाच्या पातेल्यातलं नाणं

एर्मिनिया तेकुआपेत्ला ही बाई आमच्या पुएब्ला शहरात, चर्चसमोरच्या कोपऱ्यावर एकतीस वर्षं तामाल विकत होती. शेजारी माझी अतोलेची चूल. तिचं मक्याच्या पानात वाफवलेलं पीठ आणि माझी मक्याची गरम गोड पेज, एकीवाचून दुसरीचं गिऱ्हाईक अर्धं उपाशी. माझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याला तिने धर्ममाता म्हणून पोरीला हातात धरलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे. कोमाद्रेशी कितीही भांडा, सकाळी तिच्याच शेजारी चूल पेटवायची असते.

बाई तोंडाने फाटकी, हाताने सढळ. एकदा एका परदेशी पोराने तामाल पानासकट चावून खाल्लं. "अरे बाळा, आता हंबरू नकोस म्हणजे झालं!" म्हणत तिने त्याला दुसरं सोलून दिलं, तेही फुकट.

तिच्या पातेल्यात तळाशी, जाळीखालच्या पाण्यात, एक नाणं असे. पाणी उकळतंय तोवर ते खुळखुळतं. गप्प झालं की समजायचं, पाणी आटलं. लगेच कडेने गरम पाणी ओतायचं. उगाच झाकण उघडून बघायचं नाही, वाफ जाते. आमच्याकडच्या तामालवाल्या बायका गप्पा मारताना सुद्धा एक कान तिकडे ठेवतात. आणि एर्मिनियाचे नेमके कानच गेले.

तिने कबूल केलं नाही, मी विचारलं नाही. नाणं थांबलं की मी तिला कोपराने ढोसायची. "कळलंय गं, मी काय बहिरी आहे?" असं म्हणून ती पाणी ओतायची. अशी तीन वर्षं गेली. दुसऱ्या कुणाला पत्ता नव्हता.

मग जानेवारीत तिची लेक रोसाल्बा दूरच्या तिहुआना शहरातून आली आणि दोन दिवसांत तिच्या लक्षात आलं.

"आई, तुला ऐकू येत नाही. एक दिवस भाजून घेशील. चल माझ्याकडे."

"मला मुंगी चाललेली ऐकू येते!"

भांडून भांडून शेवटी ठरलं, की कांदेलारियाच्या सणाचं पातेलं नीट उतरलं तर आई इथेच राहील. दोन फेब्रुवारीला अख्खं गाव तामाल खातं. सहा जानेवारीच्या गोड पावात लपवलेली बाहुली ज्याच्या वाट्याला येते, त्याने त्या दिवशी सगळ्यांना तामाल द्यायचे असतात. एर्मिनियाकडे दीडशेची मागणी होती.

"तिकडे नेलं तर मी मरेन, कोमाद्रे," ती मला म्हणाली. "तिथे मला कोण ओळखतं?"

सणाच्या सकाळी पातेलं चढलं. पिठाला कुणाचा राग लागू नये म्हणून तिने पातेल्याच्या कानांना मक्याच्या पानांच्या गाठी बांधल्या. पातेल्याजवळ कुणी रागावलेलं असलं तर तामाल कच्चे राहतात, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. तेवढ्यात एक गाइड चार प्रवाशांना घेऊन आला. एर्मिनिया त्याच्या कानाशी लागली आणि डोळे मिचकावत म्हणाली, "हिचं अतोले नका पाजू त्यांना, तोंड धुवायच्या लायकीचं आहे."

थट्टाच होती. तिला वाटलं, आपण कुजबुजलो. ऐकलं मात्र सगळ्या रस्त्याने. रांगेतली माणसं खदाखदा हसली. प्रवाशांनी माझ्याकडे न बघता तिच्या टोपलीतले पहाटेचे तामाल घेतले आणि निघून गेले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. तीन वर्षं हिची लाज झाकली, आणि हिने माझी भर रस्त्यात काढली!

थोड्या वेळाने नाणं थांबलं. मला स्वच्छ ऐकू आलं. मी पाठ फिरवली आणि अतोले ढवळत राहिले. म्हटलं, होऊ दे जरा फजिती, पाच मिनिटांनी सांगू. मग बादल्या घेऊन गिऱ्हाइकं आली, मी मापं घालत बसले. करपल्याचा वास आला तेव्हा धावले, पण तोवर रोसाल्बाने झाकण उचललं होतं. तळचे काळे, वरचे कच्चे, आणि सगळ्यांना धुराचा वास.

"आई, नाणं कधीचं बंद पडलं असेल," रोसाल्बा रडत म्हणाली. "तुला कळलंच नाही ना?"

रांग पांगल्यावर एर्मिनियाने माझ्यापाशी येऊन माझे हात धरले.

"माझंच तोंड वाईट. तुला टोचून बोलले, तुझं मन दुखलं, पिठाने ते धरलं. माफ कर गं मला."

मी तिला माफ केलं! एवढी निर्लज्ज मी. मी ढोसलं का नाही, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तिथेच तिच्या पाया पडले असते.

गुरुवारच्या बसने रोसाल्बा तिला घेऊन गेली. पातेलं विकलं गेलं. तिच्या जागेवर आता मोबाइलची कव्हरं विकतात.

दीड महिना मला घास गोड लागला नाही. शेवटी मी फोन केला. एर्मिनियाने घेतला आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. "कोमाद्रे, मला ऐकू आलं होतं. मी मुद्दाम गप्प बसले." पलीकडून ती ओरडली, "हो हो, जेवते गं मी! पोरगी बरी आहे ना?" मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा म्हणाली, "हो हो."

मग रोसाल्बाने फोन घेतला. "तिला आता काहीच ऐकू येत नाही हो. तुम्ही मला सांगा, मी कागदावर लिहून तिला दाखवते."



"काही नाही गं," मी म्हटलं. "तब्येतीला जप म्हणावं, एवढंच लिही."