तेहतिसाव्या आठवड्याचा रविवार

आमच्या बेटावर बारमाही राहणारी माणसं मोजायला एका हाताची बोटं पुरतात, आणि त्यातलं सगळ्यात वाकडं बोट म्हणजे हिल्मर. वय त्र्याऐंशी, लग्न केलं नाही, जन्मभर बांगडा आणि हेरिंग पकडले. बोहुसलेनचा हा समुद्रकिनारा सोडून तो दोनदाच आतल्या मुलुखात गेला. एकदा लष्करी सेवेसाठी आणि एकदा बहिणीच्या लग्नाला. दोन्हींचा राग त्याला सारखाच.

बहीण म्हणजे एल्ना, त्याच्या पाठची. लहानपणी दोघं घरात कमी आणि होडीत जास्त असायची. मग तिने आत जंगलातल्या एका गाईवाल्याशी लग्न केलं. गाईंना सुट्टी नसते, असं नवरा म्हणायचा, आणि बाईंनी ते खरं मानलं. आईला पुरायला आली होती तेवढीच. पुढे नवरा गेला, गाई विकल्या, आणि आता यायला मोकळी झाली म्हणेपर्यंत फुप्फुसात कॅन्सर निघाला. वसंतात डॉक्टरांनी हात टेकले. एल्नाचं एकच मागणं होतं, शेवटचं एकदा आपल्या धक्क्यावर बसायचं.

बेत तिच्या मुलीने, आनेलीने, आखला. चाकाची खुर्ची, गाडी, मग बोट. आमच्याकडे बेत तारखेवर ठरत नाहीत, वर्षातल्या आठवड्याच्या नंबरावर ठरतात. तेहतिसावा आठवडा, रविवार, दुपारची बोट. हिल्मरने कॅलेंडरवर लाल खूण केली आणि उन्हाळाभर खपला. खुर्ची चढवायला पायऱ्यांवर फळ्या ठोकल्या, संडास रंगवला, आईचा टेबलक्लॉथ माझ्याकडून, शेजारणीकडून, इस्त्री करून घेतला.

"तोपर्यंत टिकली पाहिजे, पोरी," तो मला म्हणायचा. मी पोरगी! मला नातू आहे. "नंतर आम्ही दोघं कधीही मरायला मोकळे."

त्या नातवाच्या आजारपणात मी काही दिवस शहरात लेकीकडे अडकले. गुरुवारी सकाळी परतले आणि त्याचं वर्तमानपत्र द्यायला गेले, तर दार उघडंच होतं. टेबलावर तोच टेबलक्लॉथ, त्यावर काळे पडलेले बटाटे, सुकलेले हेरिंग, आणि केकवरच्या आंबलेल्या मलईवर माश्या. हिल्मर काळा कोट घालून खुर्चीत बसला होता. दाढीचे खुंट वाढले होते.

"हे काय मांडून ठेवलंयस?"

"एल्नाचं जेवण."

"मग ती येईपर्यंत थांबायचंस की!"

"थांबलो. रविवारी शेवटच्या बोटीपर्यंत धक्क्यावर उभा होतो." तो माझ्याकडे बघेना. "मेली ती, बेरित."

"कोणी सांगितलं?"

"सांगेल कोण? फोनची वायर उपटून टाकलीय. फोन वाजला नाही तर ती मेलेली नाही."

मला रडू आलं आणि रागही आला. म्हातारा चार दिवस त्या मेल्या फोनशेजारी बसून होता, जेवण नाही, झोप नाही. मी कॅलेंडरकडे पाहिलं. लाल खूण गेल्या रविवारवर होती. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पूर्वी आठवडा रविवारपासून धरायचे; मी शाळेत असताना सरकारने तो सोमवारपासून सुरू केला होता. हिल्मरच्या घरात ते फर्मान पोचलंच नव्हतं.

"अरे गाढवा! तेहतिसाव्याचा रविवार अजून यायचाय! तेरवा! रविवार आठवड्याच्या शेपटाला असतो."

"शेपटाला? देवाचा वार आधी की सोमवार?"

"ते सरकारला विचार. एल्ना तेरवा येतेय!"

तो उठला, टेबलावरचं सगळं बादलीत लोटलं आणि म्हणाला, "मग बटाटे पुन्हा उकडायला हवेत. केक तू करशील?" त्याला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी वायर भिंतीत खुपसली आणि कॉफी ठेवली.

कॉफी उकळायच्या आत फोन वाजला. हिल्मर हात लावेना. मीच उचलला.

"अहो, सोमवारपासून फोन लावतेय!" आनेली रडत होती. "हिल्मरमामा कुठे आहे? आईला आता हलवता येणार नाही. ती सारखी म्हणत होती, हिल्मरला सांग, खिडकी उघड आणि फोन बाहेर धर, मला समुद्र ऐकायचाय. कालपासून बोलणं बंद झालंय. पण ऐकू येत असेल, असं नर्स म्हणते."

फोनमधलं ते हिल्मरलाही ऐकू गेलं. त्याने खिडकी उघडली. बाहेर ऑगस्टमधली वारा पडलेली सकाळ. समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा निपचित. लाट नाही, पक्षीसुद्धा ओरडेना.

"वाज ना, मेल्या!" तो समुद्रावर ओरडला. "रोज कान खातोस, आज वाज!"

मी आनेलीला माझा नंबर देऊन मोबाइलवर घेतलं, फोन आईच्या कानाशी धरायला सांगितलं आणि आम्ही धक्क्यावर धावलो. तिथेही तेच. हिल्मरने होडीतलं वल्हं काढलं आणि काळ्या कोटासकट कमरेएवढ्या पाण्यात उतरला. नुसतं बडवलं नाही त्याने. पाणी ओढून घ्यायचा, खडकावर सोडायचा, जरा थांबायचा, पुन्हा ओढायचा. मी गुडघ्यावर बसून फोन खडकाला लावला. अगदी लाटच वाटत होती ती.

"हा नैर्ऋत्येचा वारा, एल्ना!" तो ओरडत होता. "आपल्या खिडकीखालचा! ओळखलास का?"

ओठ निळे पडले, दम लागला, तरी थांबेना.

फोनमधून आनेलीचा आवाज आला. मी तो कानाला लावला.

"थांबवा मामाला," ती म्हणाली. "आई गेली."

हिल्मरची माझ्याकडे पाठ होती. वल्ह्यावर रेलून तो श्वास घेत होता.

"काय म्हणतेय? ऐकतेय का ती?"

"ऐकतेय," मी म्हणाले.

"मग वारा जरा वाढवतो," तो म्हणाला, आणि त्याने वल्हं उचललं.