लाल न दिसणारी माणसं

रेल्वेच्या मेडिकलला डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडून विचारलं, “कोणता आकडा दिसतोय?” मला नुसते ठिपके दिसत होते. त्यांनी चार-पाच पानं उलटली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. लाल आणि हिरवा मला वेगळे ओळखू येत नाहीत, हे मला बाविसाव्या वर्षी कळलं. इंजिनावरची नोकरी त्याच खोलीत संपली.

मुदखेडला घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “तुझ्या मामाला बी तसंच हाय.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“तुला बी असंल, हे कुठं सुचलं मला? शाळेत तू पोपट तपकिरी रंगवलास, तवा वाटलं, ध्यान न्हाई तुझं.”

नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त मला मामांना भेटायची ओढ लागली. मामा उदगीरच्या मोंढ्यात धान्य पारखायचे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी त्यांच्याकडेच काढल्या होत्या, पण त्यांच्या वागण्यातून हे कधी जाणवलं नव्हतं. आता त्यांच्याबरोबर भाजीबाजारात गेलो आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. मामांनी टोमॅटो उचलला, देठाशी अंगठ्यानं दाबला, नाकाशी नेला, मग पिशवीत टाकला. मीही टोमॅटो असेच घेत होतो. का, हे स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

“मामा, हे मी तुमचं बघून शिकलो का?”

“काय की. मी तर काही शिकवलं न्हाई. तू आपला हुंगायचास.”

मला वाटलं, ज्याला लाल दिसत नाही त्याचं नाक आपोआप वाट काढत असेल. रक्तातच असेल ते. ही समजूत मी बरीच वर्षं बाळगली. दरम्यान लातूरच्या एका शाळेत गणित शिकवायला लागलो, लग्न झालं, मुलगी झाली.

मुलगी सहा-सात वर्षांची असताना एकदा भाजी आणायला बरोबर आली. तिनं टोमॅटो उचलला, देठाशी दाबला आणि नाकाला लावला.

“तुला लाल दिसतो ना?”

“दिसतो की.”

“मग वास कशाला घेतेस?”

तिला माझा प्रश्नच कळला नाही. “असंच घेतात ना, पप्पा?”

माझी समजूत तिथंच मोडली. हिला रंग व्यवस्थित दिसत होते, तरी सवय माझी होती. मग माझी सवय माझी होती की मामांची? आणि मामांची कुणाची?

आता ती बारावीला आहे. जीवशास्त्रात आनुवंशिकतेचा धडा झाला, तेव्हा वही घेऊन माझ्याकडे आली. “पप्पा, तुमचं ते माझ्याकडेही आलंय. मला रंग दिसतात, पण माझ्या मुलाला कदाचित दिसणार नाहीत.” हे तिनं अगदी शांतपणे सांगितलं. मागं कुठून आलं, ते तिला शोधायचं होतं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं उदगीरला गेलो.

मामा आता थकलेत. तिनं वही उघडून विचारलं, “आजोबा, टोमॅटो हुंगायला तुम्हाला कुणी शिकवलं?”

“आमच्या आईनं.”

“त्यांनाही रंग दिसायचे नाहीत?”

“तिला समदं दिसायचं. तिच्या बापाला दिसत नव्हतं. त्याचं बघून तिला ठाऊक होतं, असल्या माणसानं कसं करावं. मी कच्चे टोमॅटो तोडून आणले, तवा तिनं मारलं न्हाई. नाकाशी धराया लावलं.”

माझी आजी मला पुसटच आठवते. मामांना दोष तिच्याकडूनच आला होता आणि त्यावरचा उपायही तिनंच दिला होता. मला एकच उलगडेना. मी विचारलं, “मग माझ्या आईला हे का माहीत नव्हतं? तिच्या मुलाला असू शकतं, हे तिला कुणीच कसं सांगितलं नाही?”

मामा म्हणाले, “ती पोरगी. तिला चांगलं दिसतंय, मग सांगायचं कशाला, असं वाटलं असंल.”

मुलीनं तेही वहीत लिहून घेतलं. लातूरच्या गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “बरं झालं, मला आधीच माहीत झालं.”

मी मान हलवली. खरं तर तिला मीही काही सांगितलं नव्हतं. तिचं तिनंच शोधून काढलं होतं.