बुडीत खर्चाचा वैरी

कुठलीही गोष्ट अर्धवट सोडण्यात माझ्या जतच्या रूम पार्टनरचा हात धरेल असा माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात नव्हता. एमबीएला आम्ही फायनान्स घेतलं होतं. जो खर्च होऊन गेला आणि परत येणार नाही, तो पुढचा निर्णय घेताना धरायचा नाही, हे सरांनी सुरुवातीलाच सांगितलं. आम्ही ते परीक्षेपुरतं लिहून घेतलं. त्याच्या ते अंगात आलं. त्याच रविवारी तो भर सिनेमातून उठला आणि आम्हालाही ओढू लागला. "तिकीट बुडालं ते बुडालं, आता दुपार कशाला बुडवताय रं?" एकदा न्हावी चुकतोय असं वाटताच हा खुर्चीतून उठला आणि आठवडाभर एका बाजूनं विद्यार्थी, दुसऱ्या बाजूनं संन्यासी असा वर्गात बसला.

घरची मेंढरं असल्यानं सगळं शास्त्र तो कळपात नेऊन सोडी. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. आजचा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा मोठा का, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. तो म्हणाला, "आरं गड्या, मेंढी आज मिळाली तर सालभरात तिच्यामागं कोकरू येतंय. सालानं मिळाली तर नुसती मेंढीच!" वर्गात सरांनी विचारल्यावर मी हेच उत्तर दिलं. मागच्या बाकांवरून बराच वेळ 'बें बें' ऐकू येत होतं.

एवढं करून पहिल्या सत्रात माझा नेमका तोच विषय राहिला. कुपवाडच्या एका कारखान्यात काम मिळत होतं. मी बॅग भरली आणि त्याला म्हटलं, "तूच सांग, तुझ्या नियमानं."

त्यानं डोळे मिटून विचार केला. "नियमानं तू जायला पायजेस. फी गेली, कष्ट गेलं, ते धरायचं न्हाई."

मी बॅगेची चेन ओढली. तसा तो उठून थेट बॅगेवरच बसला. "पण एवढं सत्रभर मी तुझ्यासंगं डोकं फोडलंय, ते काय पाण्यात घालू व्हय? गप पुस्तक काढ!"

"अरे, पण हा तर बुडीत खर्चच..."

"माझा हाय न्हवं? मग तू बोलू नगंस."

आज शिरवळच्या कंपनीत 'एवढा खर्च झालाय, आता थांबायचं कसं' म्हणत कोणी प्रस्ताव आणला, की मी तो परत पाठवतो. लोक मला लय कडक समजतात. तो मात्र शेवटच्या सत्रात, मन रमेना म्हणून, कोर्स सोडून मेंढरांकडं निघून गेला, अगदी नियमानं.

त्यानं अर्धवट न सोडलेलं एकच काम मला ठाऊक आहे. ते रोज सकाळी डबा घेऊन शिरवळच्या ऑफिसला जातं.