एका कानाचा हेडफोन

बोरीच्या सूर्यभानला ऐकू येत नाही, हे गावाला त्याच्या आधी कळलं.

ऐन जवानीत तो परभणीच्या एका जीनमध्ये कामाला लागला. कापसातली सरकी काढणारे रेचे दिवसभर धडधडत आणि त्यांच्यापाशी उभं राहून सूर्यभान कापूस टाकत राही. तिथं कुणी कुणाशी बोलत नसे, हातानंच खुणा करत. त्यामुळं डावा कान केव्हा गेला ते त्याला समजलंच नाही. पुढं जीन बंद पडली, तो कायमचा बोरीला परतला, आणि गावातली शांतता जरा जास्तच आहे असं त्याला वाटायला लागलं. उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर शब्द कळत. पण रोज उठून ओरडणार कोण?

त्याची बायको कस्तुराबाई ओरडायची. ती होती तोवर कुणाकडं पाळणा हलला, कुणाची म्हैस आटली, सगळं त्याला कळायचं. भाकरी थापता थापता ती मोठ्यानं सांगत राही. शेजारची कडूबाई भिंतीपलीकडून म्हणे की तुमच्या घरात गुपित म्हणून काही राहत नाही. कस्तुराबाई काविळीनं गेली. एकुलती लेक सगुणा पालमला दिलेली. त्यानंतर लोक सूर्यभानशी बोलायचे ते हातानंच. जेवलास का विचारायला बोटं तोंडाशी न्यायची, कुठं निघालास विचारायला पंजा हलवायचा. त्यापुढचं कुणी काही विचारत नसे, कारण त्यापुढच्या गोष्टींना खुणा नव्हत्या.

भजन तेवढं उरलं होतं. मारुतीच्या देवळात दर गुरुवारी मंडळी बसत आणि सूर्यभानचा खडा आवाज कैक वर्षं सगळ्यांच्या पुढं असे. आता तो भलत्याच सुरात उचलायचा आणि बाकीचे थांबले तरी एकटाच म्हणत राहायचा. मंडळाचे म्होरके आबासाहेब मऊ स्वभावाचे. त्यांनी बरेच दिवस चालवून घेतलं. शेवटी एका एकादशीला ते त्याच्या कानाशी वाकले.

"सूर्यभान, आता आवाजाला जरा आराम दे. नुसतं बसत जा."

सूर्यभाननं मान हलवली. पुढच्या गुरुवारी तो नुसता बसला. त्याच्या पुढच्या गुरुवारी गेलाच नाही. दुसरं कुणीतरी बोलवायला गेलं असेल असं प्रत्येकाला वाटलं, आणि कुणीच गेलं नाही.

तो माणिकरावांच्या ज्वारीची राखण करी. माणिकरावांचा मुलगा परभणीला कृषी विद्यापीठात शिकत होता. त्यानं नवा मोठा टेप घेतला आणि जुना वॉकमन घरी आणून टाकला. त्याचा हेडफोन मोडला होता, खोका चालत होता. माणिकरावांनी तो सूर्यभानच्या हातावर ठेवला आणि सोबत भजनाची एक कॅसेट दिली. ओसरीवरची माणसं हसली. बहिऱ्याला गाणं दिलं म्हणून हसली असणार. सूर्यभानला ते हसणं ऐकू आलं नाही, पण दिसलं. तरी त्यानं वॉकमन धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि घरी आणला.

बटण दाबलं की आतली चाकं फिरत. खोक्याच्या काचेतून फीत एका चाकावरून दुसऱ्यावर जाताना दिसे. दुपारी तो ते बघत बसायचा. आत कुणीतरी गातंय, एवढं त्याला ठाऊक होतं.

हेडफोन घ्यायला तो परभणीला निघाला तो एका सोमवारी. नामांतराच्या आंदोलनाचे दिवस, त्या दिवशी कुठंतरी बंद होता, जिंतूरकडून एसटी आलीच नाही. फाट्यावर उन्हं कलेपर्यंत बसून तो परतला. नंतर काही दिवसांनी गाड्या सुरळीत झाल्यावर पोचला.

स्टेशनाकडच्या रस्त्यावर पहिल्या दुकानात त्याला पातळ तारेचा, गोल स्पंजाचा हेडफोन दाखवला. सगळ्यात स्वस्त तोच होता. डोक्यावर चढवला तर काहीच नाही. दुकानदारानं आवाज वाढवला. तरी काही नाही. आणखी वाढवला, तशी काउंटरवरची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. स्पंजातून बाहेर झिरपणारं भजन सगळ्या दुकानाला ऐकू जात होतं, तेवढं सूर्यभानला जात नव्हतं. दुकानदारानं हेडफोन हळूच काढून घेतला आणि रस्त्याच्या पलीकडं बोट दाखवलं.

पलीकडं वाजीद मिस्त्रीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, एका माणसापुरतं. मिस्त्री आधी त्याच्या डाव्या कानाशी बोलला, मग उजव्या, आणि त्याला काय ते समजलं. त्यानं कानात खोचायच्या बारक्या बोंड्या दिल्या, त्या टिकेनात. मग जाड गादीचा, सगळा कान झाकणारा एक काढला. तो लावल्यावर सूर्यभान दचकला. लांबून काहीतरी आलं होतं. पण त्याची किंमत मिस्त्रीनं बोटांवर दाखवली तेव्हा सूर्यभाननं तो स्वतःच काढून काउंटरवर ठेवला, फडक्यानं पुसला आणि जायला उठला.

मिस्त्रीनं त्याचा सदरा धरून खाली बसवलं. टेबलाखालच्या पेटीतून तसाच एक जुना हेडफोन वर आला. त्याची डावी बाजू मेली होती, म्हणून कुणी घेत नव्हतं.

"मामू, तुमचाबी डावाच गेलाय ना?" मिस्त्री उजव्या कानाशी ओरडला. "मग ह्यो तुमचाच हाय."

दोन्ही बाजूंच्या तारा त्यानं एकाच बाजूला डाग देऊन जोडल्या, म्हणजे सगळं गाणं उजव्या कानात उतरेल. भाव भंगाराचा लावला. सूर्यभाननं तो डोक्यावर चढवला, आणि मिस्त्रीनं आवाज शेवटापर्यंत नेला.

सूर्यभाननं उजव्या कानावरची गादी हातानं दाबून धरली. मग म्हणाला, "वीणा वाजायलीय." थोड्या वेळानं त्यानं मिस्त्रीकडं पाहिलं. "तुमी खोकलात का आत्ता?"

मिस्त्री खोकला नव्हता. भजन भरताना मागं बसलेला कुणी म्हातारा खोकला असेल, ते फितीत आलं होतं. सूर्यभाननं फीत मागं फिरवून तो खोकला पुन्हा ऐकला.

घरी आल्यावर तो रोज दुपारी भिंतीकडं तोंड करून बसे, हेडफोन चढवी आणि सोबत म्हणू लागे. आपला आवाज त्याला ऐकू येत नव्हताच, पण कानात सूर भरलेला असला की गळा आपोआप तिथं जाई. कडूबाईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती सूप खाली ठेवून उठली. तिनं आबासाहेबांना बोलावून आणलं. मग रोज दुपारी कुणी ना कुणी भिंतीबाहेर लिंबाखाली टेकायला लागलं. गाणं संपलं की ती माणसं उठून जात. आत सूर्यभान आपण एकटेच आहोत असं समजून बसलेला असे.

आबासाहेब त्याला पुन्हा देवळात घेऊन गेले. त्यानं हेडफोन उतरवला तेव्हा पहिल्यासारखीच गत झाली. चढवला तर त्याच्या कानात एक अभंग आणि समोर दुसराच. तो आपण होऊन उठला.

"तुमचं तुमी म्हणा, आबासाहेब. माझे गडी ह्याच्यात हायेत."

सगुणा माहेरपणाला आली तेव्हा तो असाच गात होता. तिनं दारातून "दादा" म्हणून हाक मारली, मग पुन्हा मारली नाही. लहानपणी देवळात ऐकलेला आवाज होता तो. तिनं चूल पेटवली, भाकरी केल्या. कॅसेटची बाजू संपली तेव्हा त्याला धुराचा वास आला आणि लेक दिसली. तो इतका हरखला की विचारपूस विसरून त्यानं कॅसेट उलटवून बटण दाबलं आणि तिनं ऐकावं म्हणून हेडफोनची चालू बाजू तिच्या कानाला लावली. सगुणानं किंचाळून तो झटकला. कानात जणू रेचा सुरू झाला होता. एवढ्या आवाजाशिवाय बापाला काही ऐकू येत नाही, हे तिला त्या क्षणी कळलं. ती पदर तोंडाला लावून परसात गेली.

दोन-तीन पावसाळे असे गेले. पुढं गाणं कमी कमी व्हायला लागलं. सूर्यभाननं सेल बदलले, उन्हात वाळवून पुन्हा घातले, फितीवरची धूळ पुसली. एक दिवस काहीच येईना. चाकं मात्र फिरत होती. तो वॉकमन घेऊन परभणीला गेला आणि मिस्त्रीपुढं ठेवला.

मिस्त्रीनं हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि लगेच दूर केला. मग त्यानं यंत्र उघडलं, फुंकर मारली, तारा तपासल्या, पुन्हा जोडल्या. हे काम त्यानं फार सावकाश केलं. शेवटी करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यानं हात पुढं करून सूर्यभानच्या उजव्या कानावर ठेवला.

सूर्यभाननं विचारलं, "मशीन चांगलं हाय न्हवं?"

मिस्त्रीनं होकारार्थी मान हलवली.

"मग बरंय," सूर्यभान म्हणाला.

सगुणा त्याला पालमला घेऊन गेली. जावई भला होता, पानात वाढून द्यायचा. पण तिथं रोज नवी माणसं येत, त्याच्याशी बोलायला जात आणि मग ओशाळून गप्प होत. दर वेळी ते ओशाळलेलं तोंड बघणं त्याला जड जाई. महिन्याभरात तो परतला. बोरीत त्याच्याशी कुणी बोलायला जातच नव्हतं.

दुपारी तो अजून गातो. सूर आता कुठल्या कुठं जातो. लिंबाखाली कुणी बसत नाही. कडूबाई दळण निवडते आणि ऐकते. सांगायचं म्हटलं तरी त्याला काय सांगावं आणि कसं सांगावं, हे तिला कळत नाही.