जमातीच्या खोलीचा सदर

साठच्या दशकात दुबईच्या देऱ्यात, खाडीपासून चार पावलांवर, आमच्या गावच्या जमातीची एक खोली होती. अमिरात हे नावसुद्धा तेव्हा नव्हतं. रत्नागिरीकडून कोणी आला की आधी तिथे ट्रंक टाकायची आणि मग नोकरी शोधायची. तेरा माणसं, एक खिडकी, एक पंखा, आणि तोही वीज असली तर. एवढ्याशा त्या संस्थानालासुद्धा दरवर्षी अध्यक्ष लागायचा! आम्ही त्याला सदर म्हणायचो. भांडणं मिटवणं, मासळी आणायच्या पाळ्या लावणं, ही कामं कुणीही केली असती. सदराचा खरा अधिकार एकच होता. खोलीत नवा माणूस घ्यायचा की नाही, हे तो ठरवायचा.

आणि त्या वर्षी माझा धाकटा भाऊ यायचा होता. आईने निरोप धाडला होता, "त्याला तुझ्याजवळच ठेव, परक्यांत टाकू नको." वडिलांच्या माघारी मीच त्याला वाढवलेला. जागा मिळाली नसती तर आईला मी काय तोंड दाखवलं असतं?

उमेदवार दोन. एक टेलरचाचा. बोलणं इतकं गोड, की ऐकणाऱ्याला वाटावं आपलं लग्न ठरलं. दुसरे धक्क्यावरचे मुकादम. त्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे खडपाला घट्ट चिकटलेलं कालव सोडवायचं.

मी आधी टेलरचाचांकडे गेलो. "अरे, तुझा भाऊ तो माझा भाऊ! पाण्याच्या पिंपाशेजारची जागा त्याची. इन्शाल्ला नाही, खलास, झालंच समज!" वर चहा पाजला, चहाबरोबर खारी दिली. मग मुकादमांकडे गेलो.

"खोली भरलीये," ते म्हणाले.

"अहो चाचा, पण माझा सख्खा भाऊ..."

"तेरावर एक नाही."

चहा राहू दे, पाणीसुद्धा विचारलं नाही. मी मनात म्हटलं, पडा तुम्ही, चांगले आपटा!

निवडणुकीच्या आदल्या दिवशी दुपारी मी नोकरीला होतो ते शेठचं कापडाचं दुकान बंद होतं, म्हणून पिंपाशेजारी भावाचं अंथरूण मावतं का ते बघायला गेलो. तिथे आमच्यातला ड्रायव्हर गुडघ्यांवर बसून वितीने जमीन मोजत होता.

"काय रे, काय हरवलं?"

"काही नाही. माझा मेहुणा येतोय, त्याची जागा बघतोय. टेलरचाचांनी कबूल केलीय."

"अरे, ही तर त्यांनी माझ्या भावाला कबूल केलीय!" मी म्हटलं. तेवढ्यात तिसरा आला, तो तर सरळ चटईच घेऊन! त्याचा चुलत भाऊ येणार होता. टेलर माणूस, मापं सगळ्यांची घेऊन ठेवलेली आणि कापड एकच. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! माझं डोकं असं फिरलं की तिथल्या तिथे ठरवलं, मत मुकादमांना. निदान हा माणूस तोंडावर नाही म्हणतो. अशाच्या हातात खोली राहिली तर उद्या काही न्याय तरी होईल.

जुम्याची नमाज झाली, जेवणं झाली आणि दोन चटया अंथरल्या. ज्याला मत द्यायचं त्याच्या चटईवर जाऊन बसायचं, अशी आमची रीत. बघतो तर ड्रायव्हर आणि तो चटईवाला, दोघेही टेलरचाचांच्या मांडीला मांडी लावून बसलेले.

मी ड्रायव्हरला बाजूला ओढलं. "अरे, काल फसवलं ना त्याने आपल्याला?"

"आपल्याला कुठे?" तो म्हणाला. "तुम्हा दोघांना फसवलं."

मी मुकादमांच्या चटईवर जाऊन बसलो. ते एका मताने निवडून आले. ते एक मत माझं, हे सगळ्यांना दिसलं होतं.

आठवड्याने भाऊ आला. बोट लागल्याने चेहरा पांढराफटक, खांद्यावर वळकटी. मुकादम दारात उभे.

"तेरावर एक नाही."

"अहो, माझ्या मताने सदर झालात तुम्ही!"

"मग? मत देण्याआधी मी तुला काय बोललो होतो, ते ऐकलं होतंस ना?"

ऐकलं होतं हो, चांगलं ऐकलं होतं! आत गेलो, माझं अंथरूण गुंडाळलं, बाहेर आणलं आणि भावाला आत ढकललं. "आता झाले तेरा?"

मुकादमांनी खरोखर आत डोकावून माणसं मोजली. "झाले," म्हणाले.

तेव्हापासून मी शेठच्या दुकानात कापडाच्या तागांमध्ये झोपू लागलो. खोलीत ज्याचं अंथरूण त्याचंच मत, असाही एक नियम होता. म्हणजे जागेबरोबर माझं मतही भावाकडे गेलं. पुढच्या निवडणुकीला तेच दोघे उभे राहिले, तेव्हा मी त्याला बजावलं, "मुकादमांनाच दे. माणूस खडूस आहे, पण खरा आहे."

निवडणूक झाल्यावर संध्याकाळी तो माझ्यासाठी मासळीच्या कालवणाचा डबा घेऊन दुकानात आला.

"दिलंस ना मुकादमांना?"

"नाही. टेलरचाचांना दिलं."

"अरे बावळटा! का?"

"ते म्हणाले, तुझ्या भाईला परत खोलीत घेतो."

"थाप आहे ती! शुद्ध थाप!"

"ठाऊक आहे, भाई," तो म्हणाला. "पण मुकादमांनी तर तुमचं नावसुद्धा काढलं नाही."